दहावा महिना म्हणजे डिसेंबर: क्वेकर पूर्वजाचे कागद वाचताना

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जावयांच्या घराण्यातला अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या चेस्टर काउंटीतला क्वेकर (हा एक ख्रिस्ती पंथ) पूर्वज वंशवेलीत ऑक्टोबर १७३१ मध्ये वारलेला दिसतो. मृत्युपत्रावर मात्र ९ डिसेंबर १७३१ ही तारीख आहे, आणि प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राची अधिकृत मंजुरी, २० जानेवारी १७३१ चं. शिवाय त्याच्या मुलाच्या नावापुढे १७४६ साली ‘डिसओन्ड’, म्हणजे पंथाने सदस्यत्व काढून घेतलं, असा शेरा आहे आणि तिथून पुढे तो मुलगा कुठेच सापडत नाही. दोन वेगळ्या माणसांची सरमिसळ झाली असावी, असं तुम्हाला वाटतंय. मला तसं वाटत नाही. माणूस एकच आहे, घोळ फक्त वंशवेलीत झालाय.

महिन्यांची आणि वारांची नावं मूर्तिपूजकांच्या देवांवरून आलेली म्हणून क्वेकर ती वापरत नसत. रविवार त्यांचा ‘पहिला दिवस’, आणि महिनेही आकड्यांनीच. इंग्लंडमध्ये आणि तिच्या वसाहतींत १७५२ च्या आधी नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, त्यामुळे पहिला महिना मार्च. आपल्याला हे लक्षात ठेवणं फार सोपं आहे: सप्टेंबर सप्त, ऑक्टोबर अष्ट, नोव्हेंबर नव, डिसेंबर दश. दफनाच्या मूळ नोंदीत ‘दहावा महिना’ असणार आणि वंशवेल टाकणाऱ्याने त्याचा आजच्या हिशेबाने ऑक्टोबर केला असणार. मूळ पानाची प्रत बघून खात्री करा. प्रोबेटचा जानेवारी १७३१ म्हणजे आपला जानेवारी १७३२, कारण वर्ष अजून बदललेलंच नव्हतं. गुजराती संवत कार्तिकात बदलतो आणि आपला शक चैत्रात, तसाच हा प्रकार. डिसेंबरात मृत्युपत्र, त्याच महिन्यात मृत्यू, जानेवारीत प्रोबेट. क्रम सरळ लागतो. तुमच्या वहीत अशी तारीख १७३१/३२ अशी जोडून लिहा, आणि मूळ नोंदीचे शब्द शेजारी जसेच्या तसे उतरवून ठेवा.

कबरीचा दगड शोधण्यात वेळ घालवू नका. त्या काळचे क्वेकर दगड उभारणं हा डामडौल मानत. बाप्तिस्मा नसल्यामुळे त्याचीही नोंद नाही. जे काही आहे ते ‘मंथली मीटिंग’च्या, म्हणजे दर महिन्याला कारभारासाठी भरणाऱ्या स्थानिक क्वेकर मंडळाच्या, वह्यांत: जन्म, दफन, लग्नं आणि दर महिन्याच्या कारभाराचं इतिवृत्त. म्हणून आडनावाच्या मागे लागण्याआधी घर कोणत्या मीटिंगच्या हद्दीत होतं ते ठरवा. गोशेन, न्यू गार्डन, ब्रॅडफर्ड या सगळ्या चेस्टर काउंटीतल्याच. एक मीटिंग विभागून दुसरी निघायची, तेव्हा घर जागच्या जागी राहून नोंद दुसऱ्या वहीत जायची. हिनशॉ यांच्या अमेरिकन क्वेकर वंशावळींच्या प्रसिद्ध कोशाच्या दुसऱ्या खंडात फिलाडेल्फिया आहे, पण चेस्टर काउंटी नाही. तिथे नाव नाही म्हणून निराश होऊ नका. या वह्या स्वार्थमोर आणि हॅवरफर्ड या दोन कॉलेजांच्या संग्रहांत आहेत.

आता मुलाबद्दल. ‘डिसओन्ड’ म्हणजे आपल्याकडचं वाळीत टाकणं नव्हे. असा माणूस उपासनेला येऊन बसू शकत असे, कारभाराच्या सभेत मात्र त्याला जागा नसे. याचं नेहमीचं कारण लग्न: जोडीदार क्वेकर नसणं, किंवा पाद्र्याकडून लग्न लावून घेणं. मीटिंगमध्ये तक्रार यायची, मीटिंगमधल्या दोन सदस्यांना त्याची समजूत घालायला पाठवायचे, त्यात महिनेच्या महिने जायचे, आणि हे सगळं लिहून ठेवायचे. त्यामुळे निमूटपणे नियम पाळणाऱ्या भावंडांपेक्षा या मुलाबद्दल जास्त लिहिलेलं सापडण्याची शक्यता आहे. तो शेरा दिसला की लोक शोध थांबवतात, याचं मला फार वाईट वाटतं. पुढे तो दुसऱ्या चर्चच्या लग्ननोंदींत, करयाद्यांत, जमिनीच्या खतांत बघा. विल्मिंग्टनच्या जुन्या स्वीडिश चर्चमध्ये अशी बरीच जोडपी जाऊन लग्न करत. काही जण नंतर चूक कबूल करणारा कागद देऊन परतही येत, म्हणून १७४६ नंतरची पानंही चाळा.

तो पुन्हा सदस्य झाला असेल आणि मग गाव सोडून गेला असेल, तर स्थलांतराचा दाखला मिळेल. शाळा सोडल्याचा दाखला असतो ना, अगदी तसाच: जुन्या मीटिंगने द्यायचा, नव्या मीटिंगने नोंदवून घ्यायचा. दोन्हीकडे बघा, एकीकडची वही हरवलेली असू शकते. गावांची नावंही वाट दाखवतात. आयर्लंडच्या कार्लो परगण्यातलं न्यू गार्डन आधी चेस्टर काउंटीत आलं, मग नॉर्थ कॅरोलायनात, आणि पुढे गुलामगिरीच्या प्रदेशातून बाहेर पडलेल्यांबरोबर इंडियानात.

एक गोष्ट मी फार उशिरा शिकले. बायकांची सभा वेगळी भरायची आणि तिचं इतिवृत्तही वेगळं. माझ्या सुनेच्या माहेरचा शोध घेताना मी वर्षभर फक्त पुरुषांच्या वह्या वाचल्या. शेवटी पणजीच्या पणजीचं माहेरचं नाव बायकांच्या वहीत एका ओळीत मिळालं. तुमच्या पूर्वजाच्या त्या मुलाची बायको क्वेकर घरातली असेल तर तिचं प्रकरण तिथेच निघालं असणार. ती वही १७४५ च्या अकराव्या महिन्यापासून वाचायला घ्या. तोच आपला जानेवारी १७४६.