खासगी तळ्याचा बांध : ओल, झाडे आणि सांडव्यावरची जाळी

प्रश्न : मुळशी तालुक्यातील आमच्या जमिनीत वडिलांनी ओढा अडवून सुमारे ५ मीटर उंचीचा मातीचा बांध घातला होता. हे तळे आम्ही नौकाविहारासाठी आणि गळाने मासे धरण्यासाठी वापरतो. बांधाच्या पायथ्याशी उन्हाळ्यातही ओल असते आणि उतारावर झाडे वाढली आहेत. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेवर, जाळी लावली आहे. ओलीवर माती टाकावी का? झाडे तोडावीत का?

उत्तर : ओलीवर माती टाकू नये. मातीच्या बांधातून थोडे पाणी पाझरणारच. ते नितळ आहे की गढूळ आणि तळ्याची पातळी तेवढीच असताना ते वाढते आहे का, हे पाहायचे असते. पाझर जिथे एकत्र वाहतो तिथे बादली भरायला किती वेळ लागतो, ते दर आठवड्याला पाण्याच्या पातळीसह वहीत लिहून ठेवावे. पाणी गढूळ येऊ लागले, तर बांधाच्या पोटातील माती वाहून जात आहे असे समजून तळ्याची पातळी हळूहळू उतरवावी आणि धरणकामाचा अनुभव असलेल्या अभियंत्याला त्याच दिवशी बोलवावे. वरून चिकणमाती थापली की पाणी आत कोंडते आणि दुसरीकडे वाट शोधते. त्यापेक्षा अभियंत्याच्या देखरेखीखाली वाळू-खडीची गाळणी घालावी, म्हणजे पाणी निघून जाते आणि माती अडते.

कोवळी रोपे मुळासकट उपटावीत. मोठे झाड नुसते कापले तर मुळे कुजून बांधात पोकळ्या राहतात, म्हणून तळे उतरवून, खोड व मुळे खणून काढून, खड्डा थराथराने माती ठोकून भरावा लागतो. उतारावर गवत राखावे आणि ते कापत राहावे, म्हणजे घुशी-खेकड्यांची बिळे वेळीच दिसतात.

जाळीचा उल्लेख आपण ओघात केला आहे, पण मला सर्वांत जास्त काळजी तिचीच वाटते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील साऊथ फोर्क येथे एका क्लबाचे असेच करमणुकीचे तळे होते. तळातून पाणी सोडण्याचे नळ आधीच्या मालकाने काढले होते, ते क्लबाने पुन्हा बसवले नाहीत. बग्ग्यांच्या रस्त्यासाठी बांधाचा माथा उतरवला आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टीत जाळ्या कचऱ्याने तुंबल्या, पाणी माथ्यावरून वाहू लागले आणि बांध फुटून खालच्या जॉन्सटाउन परिसरात २,२०९ माणसे दगावली. मुळशीचा पाऊस आपण जाणताच. जाळी आजच काढावी, सांडव्यातला गाळ व झुडपे मे अखेरपर्यंत साफ करावीत आणि पाणी सोडण्याची झडप उघडते ना, हे स्वतः फिरवून पाहावे.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा मुख्यतः १५ मीटरहून उंच धरणांना आणि काही अटींवर १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना लागू आहे. आपला बांध त्यात येत नाही, त्यामुळे तपासणीची व्यवस्था आपणच लावली पाहिजे. ओढ्याच्या खालच्या अंगाला वस्ती असेल तर तिथल्या दोन-तीन घरांचे फोन क्रमांक राखणदाराकडे ठेवावेत. चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ रोजी रात्रीच फुटले होते, म्हणून मुसळधार पावसाच्या रात्री राखणदाराने बांधावर फेरी मारावी, असे त्याला आताच सांगून ठेवावे.