स्वस्तातल्या आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) ऑफ-रोड ट्रकला कोणती मोटर टाकली म्हणजे तो दगडांवर चढेल?

मोटर बदलू नका. खरं तर एवढ्या उत्तरावर थांबायला हवं, पण तुमचा प्रश्न वाचून जुनी खपली निघाली, म्हणून जरा लांबण लावतो.

तुम्ही लिहिलंय की लँड रोव्हर डिफेंडरसारखी दिसणारी 1:12 ची (खऱ्या गाडीच्या बाराव्या हिश्शाएवढी) चायनीज गाडी घेतली, टपावर लोखंडी कॅरियर, एलईडी बार आणि छोटे जेरीकॅन बसवले, आणि आता घरामागच्या दगडांवर ती पुढची चाकं उचलते नि मागे उलटते. तर पाच हजारांत कोणती ‘पॉवरफुल’ मोटर घ्यावी? अहो, गाडी मागे उलटते याचाच अर्थ चाकांना जोर पुरतोय. जोर कमी असता तर ती जागच्या जागी हुं हुं करत उभी राहिली असती. तुमचा रोग टपावर आहे आणि तुम्ही औषध मोटरला देताय.

मी तीसेक वर्षं भोसरी एमआयडीसीत गिअर हॉबिंगवर, म्हणजे गिअरचे दात कापण्याच्या मशीनवर, काढली. गाडीत जोर कुठून येतो यावर कोणी मला शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. आणि शिकवणारे आमचे जावई असले तर बोलायचीही सोय नसते. जावई म्हणजे दशमग्रह, आमच्याकडे अजून असंच आहे.

2023 ला अधिक श्रावण होता. लेक-जावई धोंडे जेवायला आले. हिने अनारसे केले होते, चांदीची वाटी आणली होती, सगळं रीतीप्रमाणे. जावईबापूंनीही नातवासाठी पार्सल आणलं होतं. नातवाकडे तुमच्यासारखीच गाडी, आणि तक्रारही तीच, चढत नाही. पार्सलमध्ये 370 आकाराची जास्त आरपीएमची ब्रश्ड मोटर, 3एस (तीन सेलची) लिपो बॅटरी आणि वेगळा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर). पान झाल्याबरोबर गॅलरीत सतरंजी टाकून बसले गाडी उघडायला. मी आपलं सुचवून पाहिलं, “जावईबापू, चढायला गिअर लागतो, आरपीएम नाही.” तर म्हणतात, “बाबा, ते तुमच्या लेथच्या जमान्यातलं झालं. व्होल्टेज वाढवलं की टॉर्क आपोआप वाढतो.” (टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर.)

लेथ नव्हे, हॉबिंग. लग्नाला इतकी वर्षं झाली, सासरा काय काम करत होता हे माहीत नाही.

बरं, पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) बसवला तोही स्परला (तो फिरवतो त्या मोठ्या गिअरला) अगदी चिकटवून. दोन गिअरच्या दातांत थोडी फट, म्हणजे बॅकलॅश, लागतोच. सोपी युक्ती सांगतो: वर्तमानपत्राची एक पट्टी दोन्ही गिअरमध्ये घालायची, मोटर दाबून स्क्रू आवळायचे, मग गिअर फिरवून कागद बाहेर काढायचा. कागदावर दातांच्या घड्या उमटलेल्या दिसल्या आणि कागद फाटला नाही म्हणजे मेश, दातांची पकड, बरोबर. मी कागद पुढे केला, तो त्यांनी हात पुसायला घेतला.

खाली पार्किंगमध्ये गाडी जी काय पळाली, ती मान्य केलीच पाहिजे. नातू नाचायला लागला. मग स्वारी वळली कंपाउंडच्या कामासाठी टाकलेल्या डबराच्या ढिगाकडे. दुसऱ्याच दगडाला पुढचं उजवं चाक फटीत अडकलं. अडकलं की माणसाने बोट सोडावं, मागे घ्यावं. जावईबापूंनी ट्रिगर पूर्ण दाबला. कर्रर्र आवाज आला, मोटर घूं घूं करतेय आणि चाकं ढिम्म. वर आणून गिअरबॉक्स उघडला तर मोटरपासून दुसऱ्या गिअरचे ओळीने चार दात साफ, आणि ग्रीसमध्ये प्लॅस्टिकचा पांढरा कीस. निदान काय झालं? “चायनीज माल, बाबा. ट्रॅक्ससच घ्यायला पाहिजे होती.” (ट्रॅक्सस म्हणजे महागड्या आरसी गाड्यांची अमेरिकन कंपनी.)

आता ऐका. ब्रश्ड मोटर सर्वात जास्त टॉर्क कधी देते? ती पूर्ण अडकलेली, थांबलेली असते तेव्हा. 2एस म्हणजे 7.4 व्होल्ट, 3एस म्हणजे 11.1. त्याच मोटरला दीडपट व्होल्ट दिले की अडकल्या क्षणीचा टॉर्कही दीडपटीच्या घरात जातो, आणि तो सगळा येतो प्लॅस्टिकच्या एकदोन दातांवर. इथे तर मोटरही मोठी होती. दात जाणारच होते. मालाचा काय दोष?

आणि मुळात चढायला ताकद लागते तरी किती? एक किलोची गाडी 45 अंशाच्या चढावर सेकंदाला एक फूट अशी चढतेय असं धरा. उताराच्या दिशेने ओढ साधारण 7 न्यूटन, वेग सेकंदाला 0.3 मीटर, गुणाकार करा, दोन वॉट. निम्मी ताकद गिअरमध्ये वाया गेली तरी चार. 7.4 व्होल्टची बॅटरी एक अँपिअर देत असेल तर 7.4 वॉट झाले. म्हणजे तुमच्या बिचाऱ्या मूळ मोटरला हे जमतं. वेग कमी करून तीच ताकद चाकाशी टॉर्क म्हणून आणली की झालं. वरंधा घाटात एसटीचा ड्रायव्हर इंजिन बदलत नाही, पहिला गिअर टाकतो.

मग उलटते का? गुरुत्वमध्य. समजा पुढच्या-मागच्या चाकांत 200 मिमी अंतर आहे, वजन बरोबर मधोमध आणि जमिनीपासून 80 मिमी उंच. मागच्या चाकापासून 100 पुढे, 80 वर, म्हणजे 51 अंशाला गाडी मागे जाणार. वजन फक्त 20 मिमी पुढे सरकवा आणि 20 मिमी खाली आणा, तर तोच आकडा 63 अंशांवर जातो. हे स्थिर उभ्या गाडीचं झालं. चढताना थ्रॉटलचा हिसका बसला की उलटणं आणखी आधी होतं. तुम्ही टपावर लोखंडी कॅरियर चढवून हा आकडा खाली ओढलाय. जेरीकॅन फार छान दिसतात, ते फोटोपुरते ठेवा.

जावई गेल्यावर मी आणि नातवाने जे केलं ते सांगतो. मेटल गिअरचा सेट मागवून जुनी मोटर नि 2एस बॅटरी परत लावली. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पुढची दोन चाकं ठेवली आणि मागच्यांना त्याच उंचीचा आधार हवा म्हणून पोळपाट उलटा घातला (हिचे शब्द इथे लिहीत नाही). मग उलट करून मागची चाकं काट्यावर. निम्म्याहून जास्त वजन मागे निघालं. दगडांवर चालवायच्या गाडीचं 55 ते 60 टक्के वजन पुढे हवं. पितळेची वजनं विकत मिळतात, पण कशाला? टायरच्या दुकानात व्हील बॅलन्सिंगच्या चिकट पट्ट्या असतात, 5 आणि 10 ग्रॅमचे तुकडे ओळीने. पुढच्या दोन्ही रिमवर, टायरच्या आतून, गोल चिकटवल्या. दोन्हीकडे ग्रॅम न् ग्रॅम सारखे घ्यायचे. चाकातलं वजन ॲक्सलच्या उंचीवरच राहतं, त्यामुळे गुरुत्वमध्य वर जायची भीतीच नाही. बॅटरी मागून काढून पुढच्या ॲक्सलच्या जवळ आणली. टायरमधला फोम कडक होता, त्याचा आतला भाग कातरून काढला, म्हणजे टायर दगडावर दबतो आणि धरतो.

एक गोष्ट मात्र जावयांच्या पार्सलमधली ठेवली, ईएससी. श्रेय द्यायचं तिथे देतो. या गाड्यांत रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा) आणि ईएससी एकाच सर्किटच्या पाटीवर असतात आणि हळू चालवताना ट्रिगरला सफाई नसते. हॉबीविंगचा 1060 सारखा वेगळा ब्रश्ड ईएससी घेतला की त्यावर दोन जंपर असतात. एकाने बॅटरीचा प्रकार ठरतो, दुसऱ्याने चालण्याची पद्धत. दुसरा पुढे-मागे या क्रॉलर (दगडांवर हळू चढणाऱ्या गाड्यांच्या) पद्धतीवर ठेवला की ट्रिगर सोडल्याबरोबर ब्रेक लागतो, गाडी चढावर आहे तिथे थांबते, घसरत खाली येत नाही. तुमच्या पाच हजारांतला सर्वात सार्थकी लागणारा खर्च हा.

फक्त एक अडचण तुम्हाला दुकानदार सांगणार नाही. एमएन कंपनीच्या डी90 सारख्या गाड्यांचा मूळ सर्वो (चाकं वळवणारी छोटी मोटर) पाच वायरींचा असतो आणि तो त्या मूळ पाटीशीच बोलतो. वेगळा रिसीव्हर लावलात की तीन वायरींचा सर्वोही घ्यावाच लागतो, आणि अर्थात नवा रिमोटही. एमजी90एस हा सर्वो स्वस्त आहे, दात धातूचे आहेत, पण टॉर्क जेमतेम दोन किलो-सेंमी. वजन लावलेल्या चाकांना दगडांत वळवायला तो रडतो. जागेत बसत असेल तर 17 ग्रॅम वर्गातला सर्वो घ्या, ब्रॅकेट मोजून.

दिवाळीत जावई आले. त्याच ढिगावर त्याच जुन्या मोटरने नातवाने गाडी सावकाश वर नेऊन उभी केली. पाच मिनिटं बघत होते. मग म्हणाले, “टायर मऊ केलेत ना, म्हणून.” मोटरचं नाव नाही, गिअरचं नाही! जेवताना पुन्हा सुरू: “बाबा, एकूण किती झाले? यात थोडी भर घालून ट्रॅक्सस आली असती.” थोडी म्हणजे किती? ट्रॅक्ससच्या टीआरएक्स-4 च्या किमतीत आपल्याकडे नातवाच्या गाडीसारख्या आठ-दहा गाड्या येतील. ती उत्तम गाडी आहे, वाद नाही. 2017 मध्ये डिफेंडरच्याच बॉडीवर निघाली. पोर्टल ॲक्सल (चाकाशी गिअर देऊन वर उचललेला), रिमोटवरून लॉक होणारे डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे गिअर), आणि दोन स्पीडचा गिअरबॉक्स. हा शेवटचा मुद्दा मी लेकीसमोर मुद्दाम दोनदा म्हणून दाखवला. एवढी महागाची गाडी करताना त्या लोकांनीही चढासाठी लो गिअर दिला. मी तरी वेगळं काय सांगत होतो? लेक म्हणाली, “बाबा, जाऊ द्या ना.” जाऊ दिलं. पण इथे लिहितोय, कारण जावईबापू मराठी वाचायचा कंटाळा करतात.

पार्ट महाग का, असं तुम्ही ओघात विचारलंय. खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी 2020 च्या बजेटमध्ये 20 वरून 60 टक्के झाली, 2023 मध्ये 70. त्यात नोव्हेंबर 2020 मध्ये अलीएक्स्प्रेसवर बंदी आली, म्हणजे जिथून हे छोटे पार्ट शे-दोनशेला यायचे ते दारच बंद. पुण्यात असाल तर बुधवारात पासोड्या विठोबाच्या आसपास, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सर्वो, कनेक्टर, वायर मिळून जातात. गाडीचे खास गिअर मात्र हॉबीच्या दुकानांतूनच मागवावे लागतात. चाकाच्या हेक्सचं (ज्यावर रिम बसते त्या षटकोनी तुकड्याचं) माप घेतल्याशिवाय रिम मागवू नका, या छोट्या गाड्यांत मोठ्या गाडीचा हेक्स बसेलच असं नाही.

आता राहिलेलं. तुम्हाला चढायचं नसून सपाटीवर पळवायचंच असेल, तर वरचं सगळं विसरा, वजन लावून गाडी मंदच होणार. ॲक्सल लॉक आहेत, डिफरन्शियल नाही, त्यामुळे सिमेंटवर वळण मोठं लागणार, त्यात बिघाड काही नाही. पुढे वजन वाढलं की पुढचे शॉक बसतात. त्यांत तेल नसतं, नुसती स्प्रिंग असते, थोडी कडक स्प्रिंग घाला. बॅलन्सिंगची पट्टी शिशाची असेल तर हाताळल्यावर मुलांना हात साबणाने धुवायला लावा, लोखंडी मिळाली तर तीच घ्या. लिपो बॅटरी बॅलन्स चार्जरवरच (प्रत्येक सेल सारखा भरणारा), समोर बसून चार्ज करा, फुगली की वापर बंद. रात्रभर लावून झोपायचं नाही.

पाच हजारांचा क्रम: आधी कॅरियर काढा, त्याला पैसे पडत नाहीत. मग बॅटरीची जागा, पट्ट्या आणि फोम, यात शंभर-दोनशे जातील. एवढ्यावरच तुमची गाडी घरामागचे दगड चढेल असं मला वाटतं. नाही चढली तर ईएससी, सर्वो, रिमोट एकदम, आणि उरलेल्यात मेटल गिअर.

तरीही मोटरच हवी असेल, तर जावईबापूंची ती 370 माझ्या ड्रॉवरमध्ये पडून आहे. चालू आहे. फुकट घेऊन जा, पोस्टाचा खर्च तेवढा तुमचा.