‘आय हॅव सेंट इट यस्टरडे’ यात चुकले काय?

‘मी काल अहवाल पाठवला आहे’ हे वाक्य मराठीत निर्दोष असताना त्याचेच इंग्रजी रूप, म्हणजे ‘आय हॅव सेंट द रिपोर्ट यस्टरडे’, वरिष्ठांनी खोडून तेथे नुसते ‘आय सेंट’ का केले, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. खोडणाऱ्याचे बरोबर आहे. मात्र ‘यस्टरडे आले की साधा भूतकाळ’ एवढे पाठ करून भागत नाही, कारण घोळाचे मूळ आपल्या ‘आहे’मध्ये आहे.

शाळेत दोन्ही भाषांतील या रूपाला आपण पूर्ण वर्तमानकाळ हे एकच नाव शिकतो आणि नाव एक म्हणून कामही एकच असेल असे धरून चालतो. वास्तविक मराठीतील ‘आहे’ क्रिया केव्हा घडली याची फिकीर करत नाही. ती घडून चुकली आहे, याची ते ग्वाही देते. म्हणूनच ‘टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षे काढली आहेत’ हे १९०८ ते १९१४ या काळाविषयीचे वाक्य आपल्या कानाला खटकत नाही. इंग्रजीत ‘टिळक हॅज स्पेंट’ म्हटले तर टिळक हयात असल्यासारखे वाटते, कारण ‘हॅव’चे रूप ज्या कालावधीविषयी बोलते, तो बोलण्याच्या क्षणापर्यंत येऊन भिडलेला असावा लागतो. ‘यस्टरडे’, ‘लास्ट वीक’, ‘इन १९१४’ हे शब्द तो कालावधी मागेच बंद करून टाकतात. सकाळी अकराला ‘आय हॅव हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग’ म्हणणारा माणूस दुपारी चारला त्याच दोन कपांविषयी ‘आय हॅड’ म्हणतो, ते याच कारणाने. ‘तुम्ही कधी आला आहात?’ याचे ‘व्हेन हॅव यू कम?’ होत नाही, तेही यामुळेच. ‘व्हेन’ नेमका क्षण विचारते, म्हणून ‘व्हेन डिड यू कम?’ असेच विचारावे लागते.

यात आपले तर्कशास्त्र कच्चे आहे असे मुळीच नाही. जर्मन आणि फ्रेंच भाषांतील याच घडणीची रूपे ‘काल’ या अर्थाच्या शब्दाबरोबर खुशाल नांदतात. हट्ट इंग्रजीचा आहे. अमेरिकन लोक ‘डिड यू ईट यट?’ असे म्हणून ‘हॅव’ला अनेकदा फाटा देतात, पण ‘हॅव’ आणि ‘यस्टरडे’ यांची जोडी तेही जमवत नाहीत.

उलट बाजूची चूकही आपल्याकडे तितकीच रुळलेली आहे. ‘मी २०१५ पासून पुण्यात राहतो’ यात मराठीला साधा वर्तमानकाळ पुरतो, म्हणून आपण ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स २०१५’ लिहून मोकळे होतो. हा काळ मागे सुरू होऊन आजपर्यंत पोचलेला असल्यामुळे येथे मात्र ‘हॅव’ हवेच: ‘आय हॅव लिव्ह्ड’ किंवा ‘आय हॅव बीन लिव्हिंग’.

आता प्रश्नकर्त्याच्या वाक्याविषयी. ‘आहे’मधली ग्वाही हवी असेल, तर ‘आय हॅव सेंट द रिपोर्ट’ येथे पूर्णविराम द्यावा आणि दिवस पुढच्या वाक्यात, ‘आय ईमेल्ड इट यस्टरडे’ असा, साध्या भूतकाळात सांगावा. इंग्रजी बातम्यांतही पहिल्या वाक्यात मंत्र्याविषयी ‘हॅज रिझाइन्ड’ असे येते आणि वार सांगायची वेळ आली की त्याचे ‘रिझाइन्ड ऑन मंडे’ होते.