‘नको’ म्हणायची जागा

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा लोकलमध्ये, उभ्यानं, आणि मग घरी येऊन नीट. तुमच्या बौद्धिक दिव्यांगांच्या निवासातल्या त्या एकेचाळीस वर्षांच्या बाईंना तू विचारलंस, ‘गणपतीला भावाकडे जायचं?’ त्या ‘हो’ म्हणाल्या. जरा वेळानं विचारलंस, ‘की इथेच राहायचं?’ तरी ‘हो’. लालबागहून भावाचे फोन येताहेत. अधीक्षक म्हणतात, त्यांना काय कळतंय, तू जाणाऱ्यांत नाव लिहून टाक. आणि तू मला विचारतेस, ‘ताई, मग विचारून उपयोग काय?’

उपयोगाचं नंतर बोलू. आधी मला एवढं सांग, त्या बाई याआधी ‘नको’ कधी म्हणाल्या होत्या आणि तेव्हा काय झालं होतं?

शोधून काढ. फार लांब जावं लागणार नाही. पंगतीत दुसऱ्यांदा भात वाढताना त्यांनी कधीतरी ताटावर हात आडवा धरला असेल, आणि वाढणाऱ्या मावशींनी तो हात बाजूला करून भात वाढला असेल. मावशींच्या मनात वाईट काही नव्हतं, पोटभर जेवावं एवढंच. पण वर्षानुवर्षं असं झालं की माणूस हात आडवा धरायचा सोडून देतो. मग तो सगळ्यालाच हो म्हणतो, आणि आपण फाइलमध्ये लिहितो, ‘सहकार्य चांगले’. मीही लिहिलंय. माझ्या अक्षरातल्या अशा किती नोंदी त्या कपाटात असतील, मोजवत नाही.

म्हणून माझ्याकडे देण्यासारखं एकच आहे, आणि ते मी तुला पुन्हापुन्हा सांगणार आहे. निवासी संस्था चांगली की वाईट हे तिथल्या ‘नको’वरून कळतं. तिथे राहणाऱ्या माणसानं ‘नको’ म्हटल्यावर कुणाचा हात थांबतो का? बाकी सगळं मी पाहिलंय. चकचकीत फरशा, सौरऊर्जेवरचं गरम पाणी, भिंतीवर देणगीदारांची नावं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे अशा खासगी संस्थांना नोंदणी सक्तीची आहे, ते हवंच होतं. तपासणीला येणारे खाटा मोजतात, आग विझवायची नळकांडी बघतात, मस्टर बघतात. ताटावर आडवा धरलेला हात कुठल्या रजिस्टरात दिसणार?

आता माझं ऐक. आमच्याकडे डाउन सिंड्रोम असलेले एक गृहस्थ होते, अडतीस वर्षांचे. आम्ही त्यांना ‘बाळा’ म्हणायचो, ते आधी सांगते, कारण तुमच्याकडेही ‘आमची मुलं’ म्हणत असतील आणि त्या मुलांच्या कानशिलांवर केस पांढरे झाले असतील. न्हाणीघराच्या दाराशी नवी फरशी बसवली होती, पांढरी, उंबऱ्याशी काळी पट्टी. ते त्या पट्टीपाशी येऊन थांबायचे. उजवा पाय पुढे करायचा, अंगठ्यानं चाचपायचं, पाय मागे घ्यायचा. ‘नको. नको.’ मी पाठीवर हात ठेवून पुढे लोटायचे. रोज सकाळी. फाइलमध्ये लिहिलं, ‘हट्टीपणा वाढला आहे’. डॉक्टरांना तसंच सांगितलं, त्यांनी गोळी वाढवली. चौथ्या महिन्यात ते तिथेच पडले आणि हनुवटी फुटली. टाके घालताना सिस्टरनं टॉर्च मारला आणि मला विचारलं, ‘यांना दिसतं का नीट?’ दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डाउन सिंड्रोममध्ये तो लवकर येऊ शकतो, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. काळी पट्टी त्यांना खड्ड्यासारखी दिसत होती. चार महिने ते मला रोज सांगत होते, स्वच्छ शब्दांत, आणि मी त्यांना त्या खड्ड्यात लोटत होते.

ऑपरेशन झालं, दिसायला लागलं. तरी मी मागे असले की ते भिंत धरायचे. दुसऱ्या कुणाबरोबर नाही, फक्त मी असले की. शेवटपर्यंत.

तू म्हणशील, इतकी वर्षं तुम्हाला कळत कसं नव्हतं? कळत होतं, पण सव्वीस माणसं आणि तीन न्हाणीघरं होती. महापालिकेचं पाणी साडेपाचला यायचं, सातला जायचं. माणशी दहा मिनिटं. तूच सांग, त्यात कुणाचं ‘नको’ ऐकत बसणार होते मी? रात्रीचं जेवण साडेसहाला उरकायचो, कारण स्वयंपाकाच्या बाई टिटवाळ्याला राहायच्या आणि त्यांची गाडी चुकली तर त्यांच्या घरी मुलं उपाशी. हे मी स्वतःला किती वर्षं सांगत आले! आजही सांगतेय बघ. पण पाण्याची मोठी टाकी बसवायला आम्हाला नऊ वर्षं लागली, आणि खरं कारण पैसे नव्हतं. आम्ही कुणी मागितलीच नव्हती. पहाटे साडेपाचला थंडीत उठवलेल्या माणसांचं ‘नको’ आम्हाला ऐकू आलं असतं, तर टाकी पहिल्याच वर्षी मागितली असती.

याहून कठीण गोष्ट सांगते. 1994 साली पुणे जिल्ह्यात, शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढली गेली. ‘मतिमंद’ हाच शब्द तेव्हा वापरायचे. कारण दिलं, पाळीच्या वेळी स्वच्छता ठेवता येत नाही. मोठा गदारोळ झाला. मी तेव्हा नवीन होते, तुझ्याएवढी, आणि मला त्यात गैर काही वाटलं नव्हतं. मी पाळीचे कपडे धूत होते, मला वाटलं, सुटल्या बिचाऱ्या. सुटत होतं कोण? मी. त्या मुलींना कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न माझ्या मनात आलाच नाही. पंधरा वर्षांनी, 2009 मध्ये, चंदीगडच्या सरकारी संस्थेतल्या एका तरुणीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. संस्थेत असतानाच तिच्यावर बलात्कार झाला होता, दिवस गेले होते, आणि तिला मूल हवं होतं. तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही, असं न्यायालयानं सांगितलं. ती बातमी मी ऑफिसमध्ये उभी राहून वाचली आणि मला शिरूर आठवलं. त्या दिवसापासून मी हट्टी झाले. सहकारी दुरावले, एका विश्वस्तांनी बोलणं सोडलं. मला त्याचं काही वाटत नाही. म्हणजे वाटतं, पण माघार घ्यावीशी वाटत नाही.

आणि नीट विचार कर, तो बलात्कार करणारा कुठे पोचला होता? जिथे बाईला शिकवलेलं असतं की कुणीही अंगाला हात लावला तर गप्प उभं राहायचं, कपडे काढ म्हटलं की काढायचे, तिथे. रोजच्या आंघोळीत आपण ‘नको’ मोडून काढायचं आणि मग तिनं नेमक्या त्या वेळी ओरडावं अशी अपेक्षा करायची? भाताला ‘नको’ चालत नाही, तिथे त्या माणसाला कसं चालेल? म्हणून मी भाताच्या मागे लागते. लोकांना ते क्षुल्लक वाटतं. वाटू दे.

तर आता तुझ्या कामाचं. ‘जायचं का?’ असं विचारू नकोस, हो-नाहीचा प्रश्नच नको. ‘हे की ते’ असंही तोंडी नको, बरीच माणसं शेवटचा शब्द उचलतात. उलट क्रमानं विचारून बघ, लगेच कळेल. वस्तू समोर ठेव. सकाळी एका कपात चहा, एका कपात दूध. ठेवलेस की हात मागे घे आणि मनात दहापर्यंत मोज. दहा म्हणजे दहा. मध्ये ‘घ्या ना’ म्हणायचं नाही. त्यांनी कप सरकवला, तोंड फिरवलं, तर ते ‘नको’ आहे. लगेच उचल, सगळ्यांसमोर, आणि मोठ्यानं म्हण, ‘नको? बरं.’ पहिले आठ-दहा दिवस काहीच होणार नाही. मग एखाद्या दिवशी त्या दोन्ही कप ढकलतील, चहा सांडेल, आणि मावशी तुझ्यावर वैतागतील. त्या दिवशी मला फोन कर, कितीही वाजले असोत.

अधीक्षकांशी भांडू नकोस. त्यांना 2016 च्या कायद्यातलं मर्यादित पालकत्वाचं कलम दाखव. त्यात लिहिलंय की पालकानं निर्णय त्या व्यक्तीच्या सोबतीनं, तिच्या इच्छेप्रमाणे घ्यायचा. भाऊ पालक असला तरी हेच. आणि भावाला वाईट ठरवू नकोस. त्याची आई जाताना ‘आमच्यानंतर हिचं काय’ हेच विचारत गेली असणार. शिवडीला जय वकीलसारखी शाळा 1944 पासून आहे, मुलांसाठी मुंबईत थोडंफार उभं राहिलं. पण मुलं मोठी होतात, आईबाप थकतात, शहरात जागा परवडत नाही, मग कुणी बदलापूर, कुणी कर्जत. भाऊ फोन करतोय, न्यायला येतोय, हे फार आहे. त्यालाच कामाला लाव. घरातल्या गणपतीचा, त्या झोपायच्या त्या खोलीचा, जिन्याचा फोटो पाठवायला सांग. माणसांचेही, एकेकाचा वेगळा. ते फोटो त्यांच्यासमोर एकेक करून ठेव आणि शब्द न बोलता बघत राहा, कुठला हातात घेतात, कुठला पालथा घालतात. एखादा फोटो पुन्हापुन्हा पालथा पडला तर भावाला कळवायच्या आधी मला सांग.

नोकरी सोडायचं म्हणतेस. त्यावर आज काही लिहीत नाही. राग आला थोडा, खरं सांगते.

गणपतीला अजून पाच आठवडे आहेत. भावाला सांग, उत्तर यायचं आहे. उद्या दोन कप घेऊन बस.

तुझी,
ताई