अमेरिकेत गुप्तचर संस्थांमध्ये विद्यार्थ्यांना इंटर्नशिप मिळते का? घरबसल्या करता येते का? भारतात नातेवाईक असतील तर?

मिळते. घरबसल्या जवळजवळ नाहीच. आणि नातेवाईकांमुळे अर्ज बाद होत नाही, पण फॉर्म भरता भरता जीव मेटाकुटीला येतो. मी आठवीत असताना आईबाबांबरोबर अमेरिकेत आलो, ते नागरिक झाले तसा मीही झालो, आणि कॉलेजात असताना घरबसल्याची आणि प्रत्यक्ष जाऊन करायची, अशा दोन्ही वाटा चालून पाहिल्या. त्यातली एक अर्धवटच राहिली, ते पुढे सांगतो.

सगळ्यात आधी नागरिकत्व. ग्रीन कार्ड चालत नाही, विद्यार्थी व्हिसा तर नाहीच. यात पळवाट शोधू नका, नाही मिळणार. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते: सुट्टीत भारतात गेला असाल तर तिथून सीआयएचा अर्ज पाठवू नका. अर्ज करताना तुम्ही अमेरिकेच्या हद्दीत असायला हवं, अशी त्यांची अट आहे.

घरबसल्या म्हणाल तर मी परराष्ट्र खात्याच्या ‘व्हर्च्युअल स्टुडंट फेडरल सर्व्हिस’मध्ये काम केलं. २००९ साली सुरू झालेला कार्यक्रम. मी केला तेव्हा अर्ज जुलैत, काम सप्टेंबर ते मे, आठवड्याला साधारण १० तास, पगार शून्य. (यंदा चालू आहे का, ते यूएसएजॉब्स या सरकारी नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर बघूनच बेत आखा.) माझं काम काय, तर छापून आलेल्या बातम्या वाचायच्या आणि कोण, कुठे, कधी हे एक्सेलमध्ये भरायचं. मित्रांना वाटायचं मी हेरगिरी करतोय. प्रत्यक्षात मी पायजमा घालून बातम्यांचं कोष्टक भरत होतो. तरी ते वाया गेलं असं म्हणणार नाही. ऐकीव बातमी आणि पडताळलेली बातमी यांचे रकाने वेगळे ठेवायची सवय तिथेच लागली, आणि सरकारी नोकरीतला एक माणूस माझ्याबद्दल चार शब्द लिहायला तयार झाला.

पण गोपनीय काम घरी येत नाही, येऊच शकत नाही. ते ‘स्किफ’ नावाच्या बंदिस्त खोल्यांमध्ये चालतं. फोन, स्मार्टवॉच सगळं दाराबाहेरच्या कप्प्यात ठेवून आत जायचं. त्यामुळे ‘घरबसल्या सीआयएची इंटर्नशिप’ अशी जाहिरात दिसली आणि वर फी मागत असतील, तर सरळ पुढे सरका.

प्रत्यक्ष इंटर्नशिप मात्र खऱ्या असतात आणि पगारी असतात. एफबीआयची उन्हाळी इंटर्नशिप १० आठवड्यांची. नकाशे आणि उपग्रह छायाचित्रं यांची आवड असेल तर त्याच कामाची संस्था, एनजीए, बघा, त्यांचं मुख्यालय व्हर्जिनियात आहे आणि दुसरं मोठं केंद्र सेंट लुईसला. तुमचा धाकटा भाऊ किंवा बहीण अजून बारावीत असेल तर त्यांना एनएसए या परदेशी संदेश टिपणाऱ्या गुप्तचर संस्थेच्या स्टोक्स शिष्यवृत्तीबद्दल जरूर सांगा. कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रिकल शिकणाऱ्यांना फी मिळते, दर उन्हाळ्यात तिथे काम, आणि पदवीनंतर शिक्षणाच्या दीडपट काळ नोकरी करण्याचं बंधन. अठराव्या वर्षी एवढी सही करायची म्हणजे विचार करूनच करावी, पण सौदा वाईट नाही. तुम्ही कॉलेजात पोचलात, म्हणजे ती गाडी तुमच्यापुरती सुटली.

अर्ज साधारण वर्षभर आधी करावा लागतो. कारण एसएफ-८६.

हा सुरक्षा मंजुरीचा फॉर्म, शंभराहून जास्त पानांचा. गेल्या दहा वर्षांत कुठे कुठे राहिलात, ते मध्ये एकही महिना न गाळता. आईवडील, भावंडं यांची माहिती. आणि मग ज्यांच्याशी तुमचे जिव्हाळ्याचे संबंध आहेत अशा परदेशी नागरिकांची. इथे माझी मावशी आली. दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल असतो, म्हणजे तिला वगळायचा प्रश्नच नव्हता. फॉर्म विचारतो: या व्यक्तीशी पहिला संपर्क कधी आला? मी माझीच जन्मतारीख टाकली. ती व्यक्ती परकीय सरकारशी संबंधित आहे का? मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. लिहिलं, हो.

त्याहून गंमत पुढे. परदेशात स्थावर मालमत्ता आहे का? आजोबा गेल्यावर वारस नोंद झाली होती आणि गावच्या सातबाऱ्यावर दहा-बारा नावांत माझंही नाव चढलं होतं, हे मला बाबांनी तेव्हा सांगितलं. माझ्या वाट्याला किती गुंठे येतात, हे घरात कुणालाच धड माहीत नव्हतं. अंदाजे किंमत लिहिली आणि शेऱ्यात सगळी हकीकत. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते) म्हणजे दुसरं नागरिकत्व नव्हे, पण माझ्याकडे होतं, तेही तिथेच लिहिलं. लपवू नका, एवढंच माझं सांगणं. शेतातला हिस्सा कुणाला खुपत नाही. तो नंतर दुसरीकडून कळला तर खुपतो. गांजाचंही तसंच. तुमच्या राज्यात कायदेशीर असेल, केंद्राच्या कायद्यात नाही. विचारतात, आणि पॉलिग्राफला, म्हणजे खोटं पकडायच्या यंत्राला, बसवून पुन्हा विचारतात. दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा इतका आवळलेला असतो की थोड्या वेळाने हाताला मुंग्या येतात आणि खरं बोलणारा माणूसही घामाघूम होतो.

माझं काय झालं? एका कार्यालयाची, नाव नको, सशर्त ऑफर हातात होती. उन्हाळा आला, मंजुरी आली नाही. फोन केला की एकच उत्तर, ‘प्रक्रिया सुरू आहे.’ त्या सुट्टीत मी कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं लावली. मंजुरीचं पत्र आलं तेव्हा पदवी होऊन गेली होती, म्हणजे मी विद्यार्थीच राहिलो नव्हतो. म्हणून ऑफर असली तरी उन्हाळ्यासाठी दुसरं काम हाताशी ठेवा.

अर्ज करायच्या आधीच, आत्ताच, एक वही करा. पत्ते, तारखा, शेजाऱ्यांची नावं, पासपोर्टवरचे शिक्के, भारतातल्या जवळच्या माणसांच्या जन्मतारखा. याला वाटतो त्यापेक्षा फार वेळ लागतो. अर्जाचा गाजावाजा करू नये असं सांगतात, म्हणून मावशीला मी नुसतं ‘एका फॉर्मसाठी तुझी जन्मतारीख हवी’ म्हटलं. ती म्हणाली, ‘शाळेतली सांगू की खरी?’

शाळेतली अर्थातच १ जून. दोन्ही लिहिल्या.