लायब्ररियनची पहिली नोकरी घेण्याआधी

बाय, तू बी.लिब. (लायब्ररी सायन्सची पदवी) करून थांबू नको एवढंच आधी सांगते. खाजगी शाळेत कॉन्ट्रॅक्टवर लागलीस की पगार हातात यायच्या आधीच संपतो आणि वर शिक्षक रजेवर गेले की वर्ग सांभाळायला तुलाच पाठवतात, मी अशी चार वर्षं काढली, ॲक्सेशन रजिस्टर (आलेल्या पुस्तकांची नोंदवही) अर्धवट ठेवून परीक्षेच्या सुपरविजनला जायचे, फार वाईट वाटायचं. एम.लिब. कर आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा काढच, कारण यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांत कॉलेज लायब्ररियनची सुरुवात असिस्टंट प्रोफेसरइतकीच आहे, पगाराची लेव्हल 10, बेसिक महिन्याला 57,700 रुपये. हे लोकांना माहीतच नसतं, मुलाखतीत स्पष्ट विचार की पोस्ट मंजूर आहे का आणि ऑर्डर लेखी माग.

कोहा हे लायब्ररीचं सॉफ्टवेअर शीक, फुकट आहे. आणि पणजीतल्या पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत एक आठवडा तरी बसून बघ, 1832 पासूनची संस्था आहे ती, पणजीच्या पावसात जुन्या कागदाला बुरशी लागू न देणं म्हणजे काय काम असतं ते कळेल, आणि कोणी 'नुसती पुस्तकं देते' म्हटलं तर गप्प बसू नको.