आयव्ही रिग्रेशनमध्ये कोणती प्रमाण त्रुटी द्यावी?

साधी, रोबस्ट, क्लस्टर आणि बूटस्ट्रॅप (नमुन्यातूनच पुन्हा पुन्हा नमुने काढणे) या चार पद्धतींनी आयव्ही रिग्रेशनची, म्हणजे इन्स्ट्रुमेंट या बाहेरच्या चलाच्या आधाराने परिणाम मोजणाऱ्या रिग्रेशनची, प्रमाण त्रुटी (अंदाजातील अनिश्चिततेचे माप) वेगवेगळी येते, तेव्हा प्रबंधात कोणती द्यावी, असे आपण विचारले आहे. इन्स्ट्रुमेंट ज्या पातळीवर बदलते, त्या पातळीवर क्लस्टर केल्याखेरीज, म्हणजे तिथल्या निरीक्षणांचा एकेक गट धरल्याखेरीज, एकही आकडा छापू नये, असे माझे ठाम मत आहे, आणि हा धडा मला फार महागात पडला आहे.

सोलापूर जिल्ह्यातील रब्बी ज्वारीच्या उत्पन्नाचा कुटुंबाच्या शालेय खर्चावर होणारा परिणाम हा माझ्या प्रबंधाचा विषय होता, आणि उत्पन्नासाठी इन्स्ट्रुमेंट म्हणून मी तालुकानिहाय परतीचा पाऊस घेतला होता. कुटुंबे 660, पण तालुके 11. करमाळ्यातील साठही कुटुंबांना पावसाचा एकच आकडा लागू होता, म्हणजे इन्स्ट्रुमेंटपुरती माझ्याजवळ अकराच निरीक्षणे होती. मी ही शंका मांडली, तेव्हा ‘नमुना मोठा आहे, व्हाइट यांची 1980 ची रोबस्ट पद्धत पुरे,’ असे सांगून मार्गदर्शकांनी विषय संपवला. रोबस्ट पद्धत कुटुंबागणिक बदलणारे विचरण सांभाळते; परंतु तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमाची नवी शाळा निघाली की आसपासच्या अनेक घरांचा शालेय खर्च एकदम वाढतो, हा परस्परसंबंध तिच्या हिशेबातच नसतो. मौखिक परीक्षेत बाह्य परीक्षकांनी नेमके हेच विचारले. क्लस्टर केल्यावर परिणामाची सार्थकता गेली, पहिल्या टप्प्यातील एफ (पाऊस उत्पन्नाशी किती घट्ट जोडलेला आहे, याचे माप) दहाच्या खाली आला, म्हणजे इन्स्ट्रुमेंट कमकुवत ठरले, आणि माझे एक वर्ष दुरुस्तीत गेले. मार्गदर्शक त्या दिवशी एक शब्दही बोलले नाहीत.

म्हणून आपल्याला कोणी नमुन्याच्या आकाराचा दाखला दिला, तर इन्स्ट्रुमेंटची वेगळी मूल्ये किती आहेत, एवढेच त्यांना विचारा. अकराच क्लस्टर असतील तर क्लस्टर पद्धतही त्रुटी बहुधा कमीच दाखवते. तिथे कॅमेरॉन, गेलबाख आणि मिलर यांनी 2008 मध्ये सुचवलेला वाइल्ड क्लस्टर बूटस्ट्रॅप, म्हणजे संपूर्ण गटाच्या त्रुटींची चिन्हे एकत्र बदलून नवे नमुने बनवणारा बूटस्ट्रॅप, अधिक भरवशाचा आहे. कुटुंबे सुटी उचलून केलेला बूटस्ट्रॅप मात्र रोबस्टचीच चूक पुन्हा करतो. इन्स्ट्रुमेंट कमकुवत असेल तर अँडरसन आणि रुबिन यांची 1949 ची चाचणी वापरावी. एकच इन्स्ट्रुमेंट असताना परिणाम शून्य आहे का, हे तपासायचे, तर तिच्यासाठी शालेय खर्चाचे थेट पावसावर रिग्रेशन करून पावसाचा गुणांक पाहणे पुरते. दुरुस्त प्रबंधात मी तेच, वाइल्ड क्लस्टर बूटस्ट्रॅपसह, दिले.

अर्थात आपले इन्स्ट्रुमेंट कुटुंबनिहाय सोडतीने ठरलेले असेल, तर रोबस्ट पद्धत पुरेशी आहे. उजनीच्या कालव्यापासूनचे अंतर मात्र त्या प्रकारात धरू नये, कारण लागून असलेल्या शेतांचे अंतर जवळपास सारखेच असते.